बाहेरून लावलेली कडी

भाईंदर (पूर्व)
१४ जून १९९३

सुचेता,

मायना आणि खुशालीच्या ओळी लिहायच्या मनःस्थितीत मी नाही. समजून घे.

मामांकडून तुला थोडंफार कळलं असेल. आपल्या नातेवाईकांत सगळे 'परागला जरा बरं नाहीये' एवढंच म्हणतात, म्हणून मी स्पष्ट लिहिते. पराग मनाने आजारी आहे. मार्चपासून त्याची झोप गेली. तो काशीमीऱ्याच्या ज्या गोदामात डिस्पॅचचं काम बघतो, तिथल्या खोक्यांत कुणीतरी विष भरतंय असं म्हणायला लागला. मी आधी हसण्यावारी नेलं. एप्रिलमध्ये एका दुपारी तो हायवेवर मधोमध हात पसरून उभा राहिला आणि ट्रक अडवायला लागला. ड्रायव्हरांनी उतरून मारलं त्याला. पोलिसांनी घरी आणून सोडला तेव्हा शर्टाला एकही बटण राहिलं नव्हतं.

मग इथल्याच एका खाजगी दवाखान्यात ठेवलं. इंजेक्शनं, गोळ्या, सगळं झालं. विष आता तो म्हणत नाही. पण आता तो काहीच म्हणत नाही, सुचेता. घरी आणल्यापासून खिडकीशी बसतो, उठतो, फेऱ्या मारतो, परत बसतो. कपातला चहा बशीत न पडता अंगावर पडतो. दाढी मी सांगितल्याशिवाय नाही. डॉक्टर म्हणाले, विस्तवाजवळ जाऊ द्यायचं नाही, सुरी हातात द्यायची नाही, कसलीही जबाबदारी टाकायची नाही. मग द्यायचं तरी काय? सासूबाई एकदा येऊन गेल्या आणि म्हणाल्या, बरं झालं मूल नाही. ह्याच्यासमोर म्हणाल्या.

माझी सकाळची शाळा सुरू झाली आहे. तोवर हा घरी असतो, त्याची काळजी नाही.

तू तिकडे सोलापुरात मनोरुग्णांच्यातच काम करतेस ना? डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, मग काय करतेस? मी कधी विचारलंच नाही. आता विचारते. आणि कृपा करून 'छंद लाव त्याला' असं लिहू नकोस. ते मंदाकाकूंनी सांगून झालंय.

शालू

*

सोलापूर
२२ जून १९९३

प्रिय शालूताई,

तुझं पत्र वॉर्डाच्या पायरीवर बसून वाचलं. दवाखान्याचा राग आला, सासूबाईंचा आला आणि आपल्या मामा-आत्यांच्या गोतावळ्याचाही आला. बाबांनी मला फक्त 'शालूचे मिस्टर दगदगीने थकलेत' एवढंच कळवलं होतं!

मी काय करते विचारलंस. पाटीवर 'व्यवसायोपचार' लिहिलंय, सगळे ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, आणि आमचे मोठे डॉक्टर 'तो हस्तकलेचा विभाग' म्हणतात. माणूस असा आजारी पडला की त्याचा दिवस मोडतो. उठणं, आंघोळ, चहा करणं, सुट्टे पैसे मोजून घेणं, कामावर जाणं, कुणाशी दोन शब्द बोलणं. आजार किती उतरला ते डॉक्टर बघतात. उतरल्यावर त्या माणसाला यातलं काय जमतंय, काय नाही आणि का नाही, ते मी बघते. मग जमेल तेवढ्यापासून सुरू करते.

निदान तसं व्हायला हवं. पण ऐक. आमच्याकडे काशीनाथ म्हणून एक पेशंट होते, एस.टी.त कंडक्टर. त्यांना घरी पाठवायचं का, यावर बैठक भरली. डॉक्टर होते, नर्स होती, समाजसेविका होती. जेवतात, झोपतात, मारामारी करत नाहीत, भाऊ न्यायला तयार आहे. झालं, पाठवा. मी दारातून म्हटलं, ते अजून रस्ता ओलांडताना मधेच थांबतात, मी परवाच बाजारात घेऊन गेले होते. मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमचं नंतर." इतकी वर्षं एकाच इमारतीत काम करतोय, मी सिस्टर नाही हे त्यांना माहीत नाही. काशीनाथ घरी गेले आणि महिन्याच्या आत पाय मोडून परत आले. कुणी मला काही विचारलं नाही. मला बैठकीत अजून खुर्ची नाही.

असो. भाऊजींबद्दल सांग. हात कधी थरथरतात, कायम की काही उचलताना? बसवत नाही म्हणून फेऱ्या मारतात का? चेहरा ताठ, तोंडातून लाळ? असेल तर हे आजाराचं नसून औषधाचं असू शकतं, आणि त्यावर उपाय असतो. डॉक्टरांना नेमकं हेच विचार. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करायच्या नाहीत, एकही नाही.

आणि घरातलं एखादं काम त्यांच्या हातात दे. सुरी-विस्तव नको तर लसूण सोलायला दे.

एक राहिलं. तू सकाळी शाळेत असतेस तेव्हा त्यांना चहा कोण देतं?

तुझी,
सुचेता

*

भाईंदर
६ जुलै १९९३

सुचेता,

डॉक्टरांना विचारलं. तू लिहिलंस तसं, शब्द न् शब्द. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी तुझं नाव सांगितलं, काय करतेस ते सांगितलं. "ऑक्युपेशनल म्हणजे टोपल्या विणायला शिकवतात त्या ना? मग त्यांनाच करू दे ट्रीटमेंट." बाहेर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. मी फी देऊन उठून आले. पराग शेजारी बसून स्वतःच्या गुडघ्याकडे बघत होता.

लसूण दिला सोलायला. पहिली पाकळी त्याच्या बोटांतून निसटली, दुसरी निसटली, तिसरीला त्याने ताटली भिंतीवर भिरकावली. आमच्या वरच्या मजल्यावरचे जयकुमारभाई सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, ते लगेच खाली. "भाभी, सब ठीक छे ने? बच्चे लोग रहते हैं बिल्डिंग में." मी तुझ्या नावाने बोटं मोडत सगळ्या घरातला लसूण गोळा केला.

आणि चहा कोण देतं विचारतेस ना? कुणी नाही. मी जाताना बाहेरून कडी घालते आणि कुलूप लावते. तुला तेच काढून घ्यायचं होतं माझ्याकडून, घे. जयकुमारभाईंनीच सुचवलं आणि मला पटलं. हायवे इथून रिक्षाच्या अंतरावर आहे. मी चौथीच्या वर्गात भागाकार शिकवत असताना माझा नवरा ट्रकखाली जाऊ नये एवढीच माझी अपेक्षा आहे. त्यात तुझ्या शास्त्राचं काय बिघडलं?

शालू

*

सोलापूर
१३ जुलै १९९३

शालूताई,

कुलूप काढ.

आत गॅस आहे, स्विच आहेत, आणि किल्ली तुझ्या पर्समध्ये, तुझ्या शाळेत. काही झालं तर तुझ्या त्या सेक्रेटरींकडे तरी दुसरी किल्ली आहे का? सांभाळायचं असेल तर माणूस ठेव, शेजारी कुणाला सांग. माणसाला कोंडून त्याला सांभाळणं म्हणू नकोस. आमच्या वॉर्डालाही कुलूप आहे आणि ते काढण्यासाठी मी लोकांच्या शिव्या खाते. माझ्याच बहिणीच्या दाराला तसंच लागलेलं आहे हे वाचून मला तुझी लाज वाटली. हो, लाजच लिहितेय.

लसणाचं माझं चुकलं. ज्याची बोटं थरथरतात त्याला लसूण द्यायला सांगणं म्हणजे त्याला नापास करायलाच बसवणं. न बघता पत्रातून सांगितलं की असं होतं. पण कुलपाचं माझं चुकलेलं नाही.

सुचेता

*

भाईंदर
१९ जुलै १९९३

लाज वाटली ना? ये मग. रजा काढ आणि ये. पहाटे टँकरसाठी रांगेत उभी राहा, शाळा कर, परत येऊन ह्याचे ओले कपडे बदल, आणि मग मला लाज शिकव. तोपर्यंत पत्र पाठवू नकोस.

शालू

*

भाईंदर
९ सप्टेंबर १९९३

सुचेता,

तू गेल्यावर लगेच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर आभार मानले असते, आणि आज बरंच झालं मानले नाहीत असं वाटतंय. पण मी क्रमाने लिहिते, नाहीतर तू म्हणशील ताई उलटली.

ऑगस्टमध्ये तू आलीस तेव्हा पहिले काही दिवस तू काहीच केलं नाहीस. नुसती त्याच्याबरोबर होतीस. तो फेऱ्या मारायचा, तू मारायचीस. मला वाटलं हिला रजा फुकट घालवायची आहे. मग टँकर आला आणि तू त्याच्या हातात बादली दिलीस. "भाऊजी, मला एकटीला नाही जमणार." तो खाली उतरला. बादलीला बोटं नाजूक लागत नाहीत, दंड लागतात, आणि त्याला बसायचंही नव्हतं. पिंप भरेपर्यंत तो जिना चढला-उतरला. त्या दिवशी त्याने स्वतःहून आंघोळ केली. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर धरून उभी होते, तुला दिसू दिलं नाही.

मग तू त्याला बाजारात नेलंस, मी मागे चालले होते. नारळी पौर्णिमा झालेली, नवी मासळी आली होती. खारी गावच्या गोदूबाई कोळणीने त्याला ओळखलं. "क रं पराग, लय दिस दिसला न्हाय? बरा हायस ना?" तो नुसता उभा. मी बोलायला पुढे होणार तर तू माझा दंड धरलास. किती वेळ गेला देवाला माहीत, मागची बाई ओरडायला लागली. आणि तो म्हणाला, "बोंबील नको. मांदेली दे." किती महिन्यांनी त्याने काहीतरी मागितलं होतं.

आणि दवाखाना. ते मी जन्मभर विसरणार नाही. डॉक्टर म्हणाले, पेशंट स्टेबल आहे, औषध आहे तेच चालू. तू त्यांच्याच टेबलावरचे दोन ग्लास घेतलेस, एकात पाणी ओतलंस आणि म्हणालीस, "भाऊजी, हे त्यात ओता." त्याने ओतलं. पाणी टेबलभर, डॉक्टरांच्या कागदांवर, पॅडवर. "हा स्टेबल माणूस," तू म्हणालीस, "घोटभर पाणी पिऊ शकत नाही. आजार तुमच्या खात्यात आहे, पण हा हात माझ्याही खात्यात आहे. आता बघा त्याच्याकडे." डॉक्टर लाल झाले. पण बघितलं त्यांनी. मनगट धरून हलवून बघितलं, चालायला लावलं आणि गोळी कमी केली, दुसरी एक जोडून दिली. आठवड्यात हात निवळला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या.

तू गेलीस. कुलूप मी काढलं होतं, तुला शब्द दिला होता. चहा तो स्वतः करायला लागला. मग त्याने घराची किल्ली मागितली. मी म्हटलं, थोडं थांब.

परवा शाळेतून आले तर दार सताड उघडं, पराग नाही. बाजारात नाही, खाडीवर नाही, खारीच्या तळ्याकडे नाही. गोदूबाई म्हणाली, रिक्षात बसताना बघितला, काशीमीऱ्याच्या. जयकुमारभाई पोलिसांना फोन करायला निघाले होते. दिवेलागणीला हा चालत आला. धुळीने भरलेला. "कुठे गेला होतास?" विचारलं तर म्हणाला, "जाऊन आलो." एवढंच. अख्ख्या बिल्डिंगसमोर मी ओरडले त्याच्यावर. काय काय बोलले ते लिहीत नाही.

काल सकाळपासून मी परत कुलूप लावलंय. तू त्याच्या पायांत बळ घातलंस आणि सोलापूरला निघून गेलीस. ते पाय त्याला कुठे नेतात ते मला बघावं लागतं. हे तुझं काम अर्धवट आहे, सुचेता. अर्ध्या कामाची शिक्षा मी भोगतेय.

शालू

*

सोलापूर
१६ सप्टेंबर १९९३

शालूताई,

रागावलीस ते ठीक आहे. मी निघून आले हे खरं आहे. इथे रजेवरून परतले तर माझी खोली जुन्या फायली ठेवायला दिलेली. "तुम्ही नव्हता, काही अडलं नाही," असं सांगितलं. मी पेशंटना घेऊन व्हरांड्यात बसते. बैठकीला या वेळी मी स्वतःची खुर्ची घेऊन गेले आणि मोठ्या डॉक्टरांच्या समोर ठेवून बसले. त्यांनी वर पाहिलं. मी उठले नाही. एका बाईंना घरी पाठवायचं थांबवलं, आधी त्यांना स्टोव्ह पेटवता येतो का ते बघू म्हणाले. 'म्हणाले' म्हणजे मी म्हणाले, त्यांनी मान हलवली. माझ्या गावात एवढंच झालंय, म्हणून तुझ्या गावातलं सगळं मी करून देईन असं समजू नकोस.

पण तुझ्या पत्रात मला एकच दिसतंय. भाऊजी गेले आणि परत आले. रिक्षा केली, पैसे दिले, हायवेवर पोहोचले, आणि ट्रकपुढे न जाता घरी आले. तू याला पळून जाणं म्हणतेस. मी म्हणते, यातलं एप्रिलमध्ये त्यांना काय जमलं असतं?

काळजी करू नकोस असं म्हणणार नाही. डॉक्टरांना हे सगळं सांग, झोप नीट आहे का बघ, विषाचं काही बोलतात का बघ. पण आधी त्यांना विचार, का गेले होते. ओरडून नाही. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो, तेवढा वेळ दे. तू विचारलंच नाहीस, ताई. तू मला विचारतेस.

सुचेता

*

भाईंदर (पूर्व)
२८ सप्टेंबर १९९३

सुचेता,

हे पत्र पराग लिहितोय. अक्षर वाईट आहे, पण माझं आहे.

तुझं शेवटचं पत्र शालूने टीव्हीवर ठेवलं होतं. मी वाचलं. मग कपाटातली बाकीची काढून वाचली. त्यात तिची नव्हती, तुझीच होती, पण तुझ्यावरून तिने काय लिहिलं असेल ते कळतं. भाऊजींना लसूण द्या. भाऊजींच्या तोंडातून लाळ येते का. जून महिन्यापासून तुम्ही दोघी माझ्याबद्दल भांडताय आणि मी त्याच खोलीत बसलो होतो. मला राग आलाय. मला राग येतोय हे डॉक्टरांना सांगितलं तर ते गोळी वाढवतील, म्हणून तुला सांगतोय.

पहिलं तुझं. त्या दवाखान्यात तू मला ग्लासातलं पाणी ओतायला लावलंस. गोळी कमी झाली, हात सुटला, चहा अंगावर सांडत नाही. ते तुझ्यामुळे झालं, हे मी विसरणार नाही. पण तू मला आधी विचारलं नाहीस. मला माहीत होतं पाणी सांडणार. तुलाही माहीत होतं. तुम्ही दोघं शिकलेली माणसं भांडत होतात आणि मी मध्ये सर्कशीतल्यासारखा ग्लास धरून उभा होतो. शालूला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, असं ती आजही सांगते. मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं होतं. "भाऊजी, मी असं करणार आहे, चालेल?" एवढं म्हणाली असतीस तर मी हो म्हटलं असतं. पुढच्या वेळी कुणाला तरी विचार.

बादलीचं तसं नव्हतं. बादलीला तू खरंच दमली होतीस.

आता काशीमीरा. मी का गेलो ते कुणी विचारलं नाही. शालूने तुझं पत्र वाचल्यावर विचारलं, पण तोवर मी चिडलो होतो, सांगितलं नाही. मला ती जागा बघायची होती. मी तिथे काय केलं ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं, आणि बाकीचं लोकांच्या तोंडावरून कळतं. गोदामाच्या वॉचमनने आत सोडलं नाही. समोरच्या गॅरेजपाशी एक ड्रायव्हर टायर बदलत होता, त्याने मला निरखून पाहिलं. "तू वही है ना? मेरी गाड़ी के सामने आया था." मी हो म्हटलं. त्याने मला शिवी दिली. मग म्हणाला, "मरता तू, और जेल जाता मैं. मेरे बच्चे कौन देखता?" मी माफी मागितली. आतापर्यंत एवढ्या लोकांनी माझी काळजी केली, पण माझ्याकडून झालेल्या गोष्टीचा जाब मला त्या एकट्यानेच विचारला. त्याने मला चहा पाजला नाही, काही नाही. परत टायरला लागला. मी रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा राहिलो. ट्रक जात होते. त्यांत खोकी होती, नुसती खोकी.

येताना रिक्षा मिळेना, म्हणून चालत आलो. घरी आलो तर बिल्डिंग जमलेली. शालू म्हणाली, मेला असतास तर सुटले असते. ते तिने तुला लिहिलं नसेल. ती घाबरली होती हे मला कळतं. घाबरलेल्या माणसाने काहीही बोलावं आणि आजारी माणसाने मात्र तोलून-मापून बोलावं, हे मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशीपासून कुलूप. बरेच दिवस मी सोसलं. काल शालू सकाळी घाईत होती, कुलूप घालायला विसरली. नुसती कडी होती. मी खिडकीतून जयकुमारभाईंना हाक मारली. "जयकुमारभाई, दरवाजा खोलो." ते आले, पण कडीला हात लावेनात. "भाभी को पूछना पड़ेगा." मी म्हटलं, "घर माझ्या नावावर आहे. हप्ता मी भरलाय. खोलो." ते बिचारे उभेच. मी आवाज चढवला नाही. परत म्हटलं, परत म्हटलं. शेवटी त्यांनी कडी काढली आणि असे मागे सरकले, जसा काही मी चावणार होतो. मी म्हटलं, "बसो, चाय पिओ." ते बसले. चहा मी केला. आलं किसताना हात थोडा हलला, पण किसलं.

ते गेल्यावर मी पेचकस घेतला आणि बाहेरची कडी काढली. स्क्रू गंजलेले होते, दोनदा पेचकस निसटला, हाताला लागलं. शालू आली तेव्हा कडी माझ्या हातात होती आणि दाराच्या फळीला भोकं. ती म्हणाली, "हे काय केलंस?" मी म्हटलं, "उद्यापासून तू शाळेत जाशील तेव्हा दार मी आतून लावीन. बाहेर जाणार असलो तर कुठे जातोय ते सांगून जाईन. सांगितलेल्या वेळेला आलो नाही तर पोलिसांना बोलाव, मला राग येणार नाही. पण कोंडलंस तर मी इथे राहणार नाही." ती खूप रडली. मग रागावली. मग मला म्हणाली, तुला काही झालं तर मी काय करू? मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. आम्ही रात्री जेवलो नाही. आज सकाळी ती शाळेत गेली. जिन्यात थांबली, परत वर आली, दाराकडे बघितलं आणि गेली. मी आतून लावलं.

सोमवारी मी गोदामावर जाणार आहे, मॅनेजरला भेटायला. शालूला सांगितलंय. ती बरोबर येते म्हणाली, मी नाही म्हटलं. ते मला परत घेतीलच असं नाही. नाही घेतलं तर मी काय करीन ते अजून ठरवलेलं नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचंय. या वेळी मी बोलणार आहे. शालू बाहेर बसेल.

गोळ्या घेतो. रोज. तेही कुणी मला विचारत नाही, शालूला विचारतात.

तुझं काम चांगलं आहे, सुचेता. खुर्ची घेऊन बसलीस ते बरं केलंस. पण त्या बैठकीत आणखी एक खुर्ची लागते. ज्यांना घरी पाठवायचं थांबवलंत, त्या बाईंना तुम्ही आत बोलावलं होतंत का? त्यांचं काय म्हणणं होतं, ते तुझ्या पत्रात नाही.

मला काही विचारायचं असेल तर मला पत्र लिही. पाकिटावर माझं नाव घाल.

पराग